मोर्चा कोणाच्या दारी?



पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर शुक्रवारी दुपारपर्यंत होऊन जाते. मोर्चाची समीक्षा मात्र आपल्याकडे होत नाही. मोर्चाचं एक तर कौतुक होतं, नाहीतर निषेध होतो. गर्दी किती होती ते मोजतात, कोणत्या पक्षाला फायदा झाला त्याचा हिशोब मांडतात, आणि चार दिवसांत विषय संपतो. आज आम्हाला ते राहिलेलं काम थोडं करून बघायचं आहे. आर्थिक विषमतेविरुद्धचा मोर्चा जेव्हा पैशाच्या पेठेत, म्हणजे शहराच्या व्यापारी भागात जाऊन उभा राहतो, तेव्हा तो नेमका कोणाच्या दारात उभा असतो? आणि त्या दाराचा त्याच्या मागणीवर काय परिणाम होतो? प्रश्न एवढे दोनच आहेत.

हे प्रश्न धाराशिवमध्ये विचारायला कारण आहे. आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. 'आकांक्षित' हा शब्द गोड आहे. साध्या भाषेत त्याचा अर्थ मागे राहिलेला. इथून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास. आपला माणूस तिकडे दवाखान्यासाठी जातो, कामासाठी जातो आणि मोर्चासाठी जातो. पहिल्या दोन कारणांवर पुष्कळ बोललं जातं. आज तिसऱ्याबद्दल बोलू.

सुरुवात जरा लांबून करू या, न्यूयॉर्कपासून. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभर मंदी आली. अमेरिकी संसदेने वित्तसंस्था वाचवण्यासाठी 700 अब्ज डॉलर्सची योजना मंजूर केली. बँका वाचल्या, पण कर्ज थकल्यामुळे ज्यांची घरं गेली, त्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही. तीन वर्षांनी, 17 सप्टेंबर 2011 रोजी, काही लोक वॉल स्ट्रीटवर ठाण मांडायला निघाले. तो रस्ता पोलिसांनी आधीच अडवून ठेवला होता. म्हणून ते जवळच्याच झुकोटी पार्कमध्ये बसले. ही बाग खासगी मालकीची, पण लोकांसाठी खुली ठेवण्याच्या अटीवर बांधलेली. ध्वनिक्षेपकाला परवानगी नव्हती, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. वक्त्याने एक वाक्य बोलायचं, जवळच्यांनी ते एकसुरात म्हणायचं, त्यांच्या मागच्यांनी पुन्हा म्हणायचं, असं ते वाक्य शेवटच्या माणसापर्यंत जायचं. आपल्या भजनी मंडळात पेटी बिघडली तर असंच चालतं! 15 नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी बाग रिकामी केली. दोन महिन्यांत ते आंदोलन तिथून उठलं.

त्याचं श्रेय मोठं आहे. आर्थिक विषमता हा शब्द तिथल्या राजकारणात परत आला. पण समीक्षक म्हणून त्याची उणीवही सांगितली पाहिजे. त्यांनी दार अचूक ओळखलं. ते व्हाइट हाऊसकडे गेले नाहीत, पैशाच्या दारात गेले. मात्र तिथे बसून त्यांनी ठरवून एकही ठोस मागणी केली नाही. मागणी केली की आपण या व्यवस्थेला मान्यता देतो, असं त्यांच्यातल्या अनेकांचं मत होतं. विचार म्हणून ते मत हलकं नाही. पण परिणाम असा झाला, की बाग रिकामी झाल्यावर हातात धरायला काही उरलं नाही. दार बरोबर, मागणी नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे नेमकं उलटं आहे.

6 मार्च 2018 रोजी किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. सुमारे 180 किलोमीटर अंतर, हजारो माणसं, त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने, बायका, म्हातारी माणसं. वनहक्क कायद्यानुसार कसत असलेल्या जमिनीचा हक्क, कर्जमाफी, स्वामिनाथन आयोगाप्रमाणे भाव, अशा मागण्या. 11 तारखेला ते मुंबईत सायनजवळच्या मैदानात पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना त्रास नको म्हणून, सहा दिवस चाललेली ती माणसं विश्रांती न घेता रात्रीतून चालत आझाद मैदानात गेली. सकाळी मुंबई उठली तेव्हा रस्ते मोकळे होते. रक्ताळलेल्या तळपायांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. मुंबईकरांनी पाणी दिलं, खायला दिलं, चपला दिल्या. 12 तारखेलाच सरकारने लेखी आश्वासन दिलं.

हे सगळं मनाला भिडणारं आहे. पण त्या कौतुकाचे शब्द नीट ऐका. 'किती शिस्तीत आले, कोणाला कळलंसुद्धा नाही!' मोर्चाचा हेतूच मुळी कळावं हा असतो. आपण ज्या मोर्चाचं सर्वांत जास्त कौतुक केलं, तो शहरातून गेला तेव्हा शहर झोपलेलं होतं आणि ज्या दारांवरून तो गेला ती दारं बंद होती. चालणाऱ्यांचा मोठेपणा निर्विवाद. प्रश्न कौतुक करणाऱ्यांचा आहे. कमीत कमी जाणवेल तो उत्तम मोर्चा, ही कसोटी त्यांनी लावली.

याच्या उलट चित्र 2025 मध्ये दिसलं. 29 ऑगस्टपासून मनोज जरांगे पाटील आझाद मैदानात उपोषणाला बसले आणि मराठवाड्यातून हजारो तरुण दक्षिण मुंबईत गेले. आपल्या जिल्ह्यातूनही गाड्या गेल्या. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात आज आम्ही बोलणार नाही. तो स्वतंत्र विषय आहे. आमचं लक्ष जागेकडे आहे. पहिले दिवस भागातली उपाहारगृहं, दुकानं बंद होती. मग गावागावांतून भाकरी, ठेचा, चटणीच्या गाठोड्यांनी भरलेल्या गाड्या मुंबईला गेल्या. सीएसएमटीसमोरचे रस्ते अडले. उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितलं. 2 सप्टेंबरला सरकारने हैदराबाद गॅझेटसंबंधी जीआर काढला आणि उपोषण सुटलं. या वेळी शहराला मोर्चा चांगलाच कळला. पण कळलं काय? तर वाहतूक अडली, हे कळलं. दोन एकर कोरडवाहूवर दोन मुलांचं शिक्षण, लग्न, घर कसं होणार, हा जो त्या गर्दीच्या तळाशी असलेला प्रश्न, त्यावर त्या पाच दिवसांत फारच थोडी चर्चा झाली.

दोन्ही आंदोलनं एकाच मैदानात संपली, याकडे लक्ष द्या. दक्षिण मुंबईत आंदोलनासाठी आझाद मैदान ही ठरवून दिलेली जागा आहे. तिथून दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजार पायी वीस-पंचवीस मिनिटांवर, रिझर्व्ह बँक त्याहून जवळ. देशाच्या पैशाची एवढी मोठी पेठ समोर असताना आपला मोर्चा तोंड करतो ते मंत्रालयाकडे. निवेदन मंत्रालयात, शिष्टमंडळ मंत्रालयात, आश्वासन मंत्रालयातून. मागण्या भरपूर, मुद्देसूद, क्रमांक घालून लिहिलेल्या. पण दार एकच.

कोणी म्हणेल, यात चूक काय? लोकांनी निवडलेलं सरकार आहे, त्याच्याकडेच जायचं. शेअर बाजाराला आम्ही मत थोडंच दिलंय?

आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपण मोंढ्यात जाऊ. आपल्या जिल्ह्याचं खरिपाचं पीक म्हणजे सोयाबीन. 2024-25 साठी हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. मोंढ्यात त्या हंगामात त्याहून कमीनेच माल गेला, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. हमीभावाच्या केंद्रावर न्यावं तर ओलाव्याची अट 12 टक्के. पुढे ती 15 पर्यंत सैल केली, तोवर गरजवंतांनी माल विकून टाकला होता. आता अडत्याची पट्टी हातात घ्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. या पट्टीवरचा भाव कोणी ठरवला? अडत्या म्हणतो, प्लँटने ठरवला. प्लँटवाला म्हणतो, तेलाच्या बाजाराने. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. त्यावरचं आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने वाढवलं; मे 2025 अखेर कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के केलं. हे ठरतं दिल्लीत. सोयाबीनच्या वायदे व्यवहारांवर डिसेंबर 2021 मध्ये बंदी आली, ती वारंवार वाढवली गेली. तो आदेश सेबीचा, आणि सेबीचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, बीकेसीत. शेतीला पतपुरवठा करणाऱ्या बँकांची शिखर संस्था नाबार्ड, तिचं मुख्यालयही बीकेसीतच. म्हणजे धाराशिवच्या पट्टीवरचे आकडे दिल्लीत आणि बीकेसीत आकार घेतात, आणि आपण निवेदन देतो ते मंत्रालयात.

मग मंत्रालय काय करतं? त्याच्याकडे जे आहे ते देतं. त्याच्याकडे तीन गोष्टी आहेत: पॅकेज, जीआर आणि मुदत. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्यापासून सगळ्या मराठवाड्यात पुराने शेतं खरवडून नेली. 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ते नको होतं असं कोणी म्हणणार नाही. जमीनच वाहून गेल्यावर मदत लागतेच. आमचा मुद्दा एवढाच, की दार जसं असतं तशी मागणी छाटली जाते. भाव कोण ठरवतं, नफा कुठे साचतो, जोखीम कोणाच्या डोक्यावर टाकली जाते, हे विषमतेचे प्रश्न. मंत्रालयाच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांची 'मदत' होते. न्यायाची मागणी घेऊन निघालेला माणूस उपकाराची पावती घेऊन परततो. आणि उपकाराला हप्ते नसतात; पुढच्या वर्षी पुन्हा चालत जावं लागतं. 2018 च्या लाँग मार्चमधल्या वनजमिनीच्या मागण्या घेऊन मार्च 2023 मध्ये शेतकरी पुन्हा दिंडोरीहून मुंबईकडे निघाले होते. या वेळी सोबत कांद्याचा प्रश्न होता. ते वासिंदला थांबले, आश्वासन मिळालं, परत फिरले.

न्याय आणि उपकार यांतला हा फरक आम्हा तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा जुना विषय. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1797 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एक अडचणीचा प्रश्न विचारून ठेवला आहे. श्रीमंताकडे दान करण्याइतकं आलं कुठून? अन्याय्य व्यवस्थेने काहींना झुकतं माप दिल्यामुळे ते आलं असेल, तर त्याच्या मदतीला परोपकार म्हणायचं का? कांट कोणी क्रांतिकारक नव्हता; घड्याळ लावून फिरायला जाणारा प्राध्यापक होता. पण हा प्रश्न त्याला चुकवता आला नाही.

पैशाच्या दारात आपल्याकडे कोणी गेलंच नाही, असं मात्र नाही. 2023 च्या सुरुवातीला शेतकरी संघटनेच्या परंपरेतले काही कार्यकर्ते वायदेबंदीविरुद्ध सेबीच्या दारात उभे राहिले. दार बरोबर होतं, मागणी नेमकी होती. पण माणसं थोडी, आणि वायदा म्हणजे काय हे शेतकऱ्यांपैकीही अनेकांना पोहोचलेलं नव्हतं. त्याच वर्षी 16 डिसेंबरला उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली धारावीतून बीकेसीतल्या अदानी समूहाच्या कार्यालयावर मोर्चा गेला. गर्दी मोठी होती. पण पुनर्विकासाच्या अटी सरकारने ठरवलेल्या, म्हणून बोलण्याचा रोख फिरून सरकारकडेच गेला. म्हणजे केवळ दार बदलून भागत नाही.

इथे दुसरी अडचण येते, आणि ती आपल्या भाषेतच दडलेली आहे. न्यूयॉर्कच्या त्या आंदोलनाची घोषणा होती, की नव्व्याण्णव टक्के म्हणजे आम्ही. इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. त्या घोषणेचं मराठी करायचं, तर आधी ठरवावं लागेल की ऐकणारा कोण आहे. 'आम्ही नव्व्याण्णव टक्के' की 'आपण नव्व्याण्णव टक्के'?

हे व्याकरणाचं खुसपट नाही. एक उदाहरण घ्या. 1972 सालच्या दुष्काळात महागाई भडकली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायकांनी महागाईविरुद्ध संयुक्त आघाडी उभारली. हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. तेल, साखर, धान्य परवडेल अशा भावात मिळालं पाहिजे, ही मागणी. विषमतेविरुद्धचा मुंबईतला तो एक अस्सल मोर्चा. आता त्याच्या शेजारी आजचा सोयाबीनवाल्याचा मोर्चा उभा करा. एकाला तेल स्वस्त हवं, दुसऱ्याला तेलबी महाग. दोघंही खरं बोलतात, दोघंही न्याय मागतात. आणि हे भांडण शहर विरुद्ध खेडं असंही नाही. तेल महागलं तर आपल्याच कळंबच्या, वाशीच्या भूमिहीन मजुराच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या तव्यावर त्याचा चटका बसतो. आयात शुल्क कमी झालं की शेतकरी रडतो आणि त्याच्याच रानात खुरपणारी बाई थोडा मोकळा श्वास घेते. यांचं 'आपण' कसं करायचं? 'नव्व्याण्णव टक्के' म्हणून घोषणा दिली की हे भांडण मिटत नाही, झाकलं जातं.

या दोघांना एकत्र बांधणारी गोष्ट याच महाराष्ट्राने एकदा करून दाखवली आहे. तिची सुरुवातही 1972 च्याच दुष्काळात झाली. त्या दुष्काळाच्या खुणा आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. तेव्हाचे पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. मे 1973 मध्ये राज्यभरात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या कामांवरच्या मजुरांनी मोर्चे काढले, तहसील कचेऱ्यांना वेढे घातले. त्यांची मागणी फुकट धान्याची नव्हती, कामाची होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, 1965 मध्येच यासारखा प्रयोग करून पाहिला होता. त्या कल्पनेला दुष्काळाने आणि मोर्चांनी रेटा दिला. रोजगार हमी योजना आली. 1977 मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला, तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारवर कायद्याने बंधनकारक झालं. पुढे 2005 साली केंद्राने जो रोजगार हमी कायदा केला, त्याला हाच अनुभव होता.

हे बहुतेकांना माहीत असतं. जे फारसं कोणी सांगत नाही ते पुढे आहे. या कामांना पैसा कुठून आला? 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा आणि तो रोजगार हमीला द्यायचा. तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. या कराचा मोठा भाग साहजिकच मुंबईतून आला, कारण पगार तिथे होते. तुमच्यापैकी ज्यांची मुलं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, त्यांनी त्यांची पगाराची स्लिप मागून बघा. कपातीच्या रकान्यात 'पीटी' लिहिलेलं असेल, दोनशे रुपये. तो हा कर. फोर्टातल्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून परंड्याच्या माळावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीपर्यंत एक सरळ नळी टाकली गेली होती. पॅकेज नव्हतं ते. दर महिन्याला, कोणी मोर्चा काढो न काढो, वाहणारी नळी होती.

फार भारावून जायचं कारण नाही. शहराने हे केवळ दयेपोटी स्वीकारलं नाही. दुष्काळी माणसांचे लोंढे मुंबईच्या फूटपाथवर येऊ नयेत, ही भीतीही त्यामागे होती. मजुरी कमी होती, हजेरीपटात खोट्या नावांची भरती होती, पाझर तलावाचं पाणी बहुधा ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्याच उपयोगी पडलं. पण दोन गोष्टी त्यात होत्या, ज्या झुकोटी पार्कमध्ये नव्हत्या आणि आझाद मैदानातही नसतात. मागणी नेमकी होती, आणि पैसा कोणाच्या दारातून येणार हे कायद्यात लिहिलेलं होतं. शिवाय त्याने खाणाऱ्याला आणि पिकवणाऱ्याला एकमेकांसमोर उभं केलं नाही. तेल स्वस्त की महाग यावर न भांडता, ज्याच्याकडे नियमित पगार आहे त्याने ज्याच्याकडे काम नाही त्याच्यासाठी काही द्यायचं, एवढंच ठरवलं. 'आम्ही'चं 'आपण' असं होतं.

आता त्या नळीचं आज काय झालंय ते बघा. संविधानाच्या 276 व्या अनुच्छेदाने या कराला कमाल मर्यादा घातलेली आहे. सुरुवातीला ती वर्षाला 250 रुपये होती. 1988 मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2,500 केली. तेव्हापासून ती तिथेच आहे. महाराष्ट्रात महिना दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला बरोबर 2,500 रुपये पडतात. महिलांना पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे, ते चांगलंच. पण वरच्या टोकाचा हिशोब करा. महिना पंधरा हजार मिळवणारा सुरक्षारक्षक शंभर रुपयांमागे सुमारे एक रुपया चाळीस पैसे देतो. तो ज्या इमारतीच्या दारात उभा असतो, तिच्या वरच्या मजल्यावर महिना पंधरा लाख मिळवणारा अधिकारी शंभर रुपयांमागे दीड पैसाही देत नाही. दोघांचे 2,500 सारखेच. विषमतेवर उतारा म्हणून आणलेला कर असा विषमतेचाच नमुना होऊन बसला आहे.

यावर लोक म्हणतील, वरच्या पगारावर चढत्या दराने आयकर आहेच की. आहे. पण आयकर दिल्लीच्या तिजोरीत जातो आणि तिथे सगळ्यात मिसळतो. तो भरणाऱ्याला परंड्याची बाई दिसत नाही, आणि तिलाही तो दिसत नाही. व्यवसाय कराचं मोल त्याच्या रकमेपेक्षा त्याच्या पत्त्यात होतं: कोणाकडून आला आणि कोणासाठी. जमा झालेला पैसा हमीच्या कामांवर पुरता खर्च होत नाही, ही तक्रारही जुनी आहे. ती खरी धरली, तर मागणी आणखी सोपी होते. हिशोब दाखवा.

शेवटी एका भाषणाची आठवण करून देतो आम्ही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी डॉ. आंबेडकर संविधान सभेत बोलले. मोर्चांवर नाराज असलेले लोक त्या भाषणातला एक भाग सांगतात: सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार यांसारखे मार्ग सोडून द्यावेत. मोर्चेकरी दुसरा भाग सांगतात: राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता हा विरोध लवकर मिटवला नाही, तर विषमता सोसणारे लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. दोन्ही भाग एकाच दिवशी, एकाच भाषणात, एकाच माणसाने सांगितलेले आहेत. अर्धं भाषण निवडण्याची सोय आपल्याला नाही. बाबासाहेब सनदशीर मार्गाकडे बोट दाखवतात, ते विषमता मिटवण्याची घाई आहे म्हणून.

आमचं म्हणणं एवढंच, की आपल्या मोर्चांनी चालणं सोडू नये, पत्ता मात्र नीट लिहावा. तहसीलवर जा, आझाद मैदानात जा, दहावीचा पेपर नसेल तर दिवसाउजेडी जा. पण निवेदनात 'मदत मिळावी' या ओळीच्या वर दुसरी एक ओळ असू द्या: अनुच्छेद 276 ची मर्यादा उठवा, व्यवसाय कर पगाराच्या प्रमाणात घ्या, आणि त्याचा दरवर्षीचा हिशोब जिल्हावार जाहीर करा. घटनादुरुस्ती संसदेत होते, म्हणून ती ओळ आपल्या खासदाराच्या हातात द्या. आणि बीकेसीतल्या त्या सुरक्षारक्षकालाही दाखवा. तोही बहुधा आपल्याच बाजूच्या एखाद्या गावचा असेल. त्याला ती समजावून सांगायला वेळ लागणार नाही.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा.